राजाची कोठी आणि गाढवाचं खोगीर

“कोठी रिकामी कर!” उधोजीराजे गरजले. “पण माझ्या उपयोगाची एक जरी वस्तू विकलीस, तर तू राज्याबाहेर!”

भिवबा कोठीवाला खाली मान घालून उभा राहिला. जुन्या वाड्याच्या तुळयांना वाळवी लागली होती, म्हणून राणीसाहेबांनी टेकडीवर नवा, आटोपशीर वाडा बांधून घेतला होता. दसऱ्याला तिथे राहायला जायचं होतं. त्या वाड्यात माणसांना जागा होती, अडगळीला नव्हती. आणि राजांच्या कोठीत तर पणजोबांपासूनची अडगळ छतापर्यंत रचलेली!

“महाराज, हे कुलूप विकू? याची किल्ली हरवली आहे.”

“आणि उद्या सापडली तर?”

“मग ही किल्ली विकू? हिचं कुलूपच नाही.”

“राहू दे! जमली तर जमेल दोघांची सोयरीक!”

“आणि ही छत्री? नुसत्या काड्या उरल्यात.”

“तिच्यावर काकडीचा वेल चढवू!”

भिवबा घरी आला आणि कपाळाला हात लावून उंबऱ्यावरच बसला. “सगुणे, बोचकं बांध. कोठीच्या आधी आपलंच घर रिकामं होणार.”

त्याची लेक सगुणा ज्वारी पाखडत होती. तिने सारं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं. “बाबा, हे तर पाखडायचं काम. ते मला द्या.”

दुसऱ्या दिवशी ती राजांपुढे उभी राहिली.

“महाराज, उपयोगाची वस्तू कोणती, हे आम्ही कसं ओळखावं?”

“तुम्ही कशाला? मी ओळखेन! माझी प्रत्येक वस्तू मला डोळे मिटून ओळखता येते.”

“आणि एखादी डोळ्यांसमोरून गेली, तरी ओळखलीच नाही तर?”

“तर ती माझ्या काय कामाची? खुशाल विका!” राजे मिशीला पीळ देत म्हणाले.

शेजारी बसलेल्या राणीसाहेब पदराआड हसल्या. “मी साक्षीला आहे हो!”

बाजाराच्या दिवशी सगुणेने वाड्याच्या अंगणात मोठं जाजम अंथरलं. त्यावर मोडक्यातोडक्या वस्तूंचा ढीग घातला. “महाराज, या ढिगातलं आपलं असेल तेवढं उचला.”

राजे बाह्या सरसावून ढिगात शिरले.

“अरे वा! ही मूठ तुटलेली काठी! आमच्या आजोबांची!”

“हा कान तुटलेला लोटा! आत्याबाईंच्या लग्नातला!”

मग त्यांनी एक फाटकं खोगीर दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं. “थोरल्या महाराजांच्या घोड्याचं खोगीर! अजून लढाईची धूळ आहे याला!”

एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, “सरका सरका! पाय सांभाळा!”

दोघे गडी एक दांडी मोडलेली पालखी घेऊन निघाले होते. त्यांच्यामागे एक बाई छत्रीच्या काड्या घेऊन चालली होती. कोणाच्या डोक्यावर पेटी होती, कोणाच्या खांद्यावर गुंडाळलेला गालिचा.

“अरे, काय मधे मधे करता?” राजे खेकसले. “ही अडगळ घ्या आणि चालते व्हा! दिसत नाही, मी माझ्या वस्तू शोधतोय?”

“जातो, महाराज!” म्हणत सगळे देवडीतून बाहेर पडले.

ऊन डोक्यावर आलं. राजांनी अख्खं जाजम रिकामं केलं होतं. घाम पुसत ते विजयाने म्हणाले, “बघ पोरी! एकेक वस्तू माझी!”

तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला धोंडू कुंभार हात जोडून पुढे आला. “महाराज, खोगीर तेवढं माझ्या गाढवाचं आहे. ती धूळ लढाईची नाही, मडक्यांच्या मातीची!”

“आणि काठी आमच्या म्हाताऱ्याची,” मागून एक धनगर म्हणाला.

“लोटा माझा,” तेलीणबाई म्हणाली. “माझ्या सवतीने आपटला होता!”

राजांचा चेहरा पडला. “मग यात माझं काय आहे?”

“काहीच नाही, महाराज,” सगुणा म्हणाली. “ही गावाची अडगळ. मी मागून आणली होती, आता ज्याची त्याला परत जाईल.”

“आणि माझ्या वस्तू?”

“त्या मघाशी आपल्या समोरून बाजारात गेल्या. आपणच पालखीला वाट करून दिलीत!”

राजे ताडकन उठून कोठीकडे धावले. कोठी लख्ख रिकामी! दाराशी ज्वारीची पोती होती, आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारणींनी दिलेले नवे कोरे हंडे.

“नव्या घरात भरलेली भांडी आधी जावीत, म्हणून एवढं घेतलं,” सगुणा म्हणाली. “आणि एक वस्तू मात्र विकली नाही.”

तिने दाराआडून एक लहानसा लाकडी पांगुळगाडा काढला.

“हा माझा!” राजे एकदम ओरडले. “याला धरून मी चालायला शिकलो!”

“ओळखायला क्षण तरी लागला का? बाबा सांगतात, कोठीत आलात की याच्यावरची धूळ आपण स्वतः पुसता.”

राजांनी गाड्याच्या चाकावरून बोट फिरवलं. राणीसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी नुसती भुवई उडवली.

“हरलो!” राजे म्हणाले. “भिवबाची नोकरी कायम! आणि पोरी, तुला काय हवं ते माग.”

“नव्या वाड्यातल्या कोठीची किल्ली द्या.”

“किल्ली? तिथे तू काय ठेवणार?”

“मी? काहीच नाही! म्हणून तर मागते.”

राजे असे खदखदून हसले, की पागोटं घसरून नाकावर आलं. त्यांनी तिथल्या तिथे किल्ली तिच्या हातात दिली, आणि किल्लीबरोबर सोन्याचं कडंही दिलं.

सगळे हसत होते. एकटा धोंडू कुंभार तेवढा डोकं खाजवत उभा होता.

“महाराज,” तो हळूच म्हणाला, “काखेतलं खोगीर आता तरी सोडा. गाढव कधीचं खोळंबलंय!”