येसूचं बोंडांचं पांघरूण

एक होता राजा. राजा म्हटला की गोष्ट त्याचीच, असं तुम्हाला वाटतं. पण ह्या राजाकडे शालीच शाली होत्या. त्याला थंडी म्हणून वाजत नसे. आणि ज्याला थंडीच वाजत नाही, त्याची गोष्ट असल्या दिवसांत काय सांगायची? तर राजाला राहू दे तिकडे. पाय आत घ्या. कुणाचं कोपर कुणाला लागतंय ते मला सांगू नका.

तर त्या राजाच्या राज्यात, पार डोंगराच्या पायथ्याशी, राहत होती एक येसू. तिचा नवरा राजाच्या शाली सांभाळायच्या कामावर. हिवाळा आला की शाली उन्हात घाला, झटका, घड्या करा, ह्यातच त्याचा दिवस जाई. घरी यायला मिळे ते थेट संक्रांत झाल्यावर. घरात येसू, येसूची सासू आणि येसूची लेक बकुळा. बकुळा एवढीशी होती. नुकती भिंतीला धरून उभी राहायला लागलेली. हसली की खालचे दोन दात दिसायचे, आणि हसायची तर सारखीच.

आता त्या गावात दर हिवाळ्याला थंडीबाई यायची, बरं का. डोंगरावरून चालत यायची. पांढरं लुगडं, पांढरे केस, हातात काही नाही. गावातलं एक घर निवडायची आणि तिथे मुक्कामाला बसायची. पाहुणीला जा कसं म्हणणार? मग लोक तिला पाट देत, जेवायला वाढत, आणि संक्रांतीची वाट बघत. कारण संक्रांतीच्या सकाळी ती उठून जायची.

पण तिचा एक नेम होता. जाताना घरातली सगळ्यात गार वस्तू ती घेऊन जायची. एका वर्षी कुणाचा पाटा नेला. एका वर्षी तांब्याचा हंडा नेला. लोक म्हणत, नेईना का बापडी, घराला तर काही केलं नाही.

मग एका वर्षी ती येसूच्या दारात आली.

येसूने पाट मांडला. थंडीबाई बसली. चुलीकडे पाहिलं, चूल मंदावली. दुधाकडे पाहिलं, दूध उकळेना. मग तिने बकुळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, किती गोड पाय आहेत गं हिचे!" आणि बकुळाचे दोन्ही पाय आपल्या हातात घेतले.

झालं. त्या दिवसापासून बकुळा गार पडायला लागली. पाय गार, मग हात गार, मग नाकाचा शेंडा. येसूने शेक दिला, तेल चोळलं, पोटाशी धरलं. तेवढ्यापुरतं बरं वाटे. थंडीबाई रोज बकुळाचे पाय हातात घ्यायची, आणि रोज म्हणायची, "छान गार होतायत."

मग एक दिवस बकुळाने हसायचं सोडलं.

येसूच्या ध्यानात आलं. ह्या वर्षी थंडीबाईला पाटा नको होता आणि हंडाही नको होता. संक्रांतीच्या सकाळी घरात सगळ्यात गार असणार होती ती तिची लेक.

आता येसूला काय येत होतं? तिला क्रोशाचं विणकाम येत होतं. तिच्या आईने तिला बांबूची सुई दिली होती, टोकाला आकडा असलेली. आणि गुळाच्या रंगाच्या लोकरीचा एक मोठा गुंडा दिला होता. तेवढीच काय ती लोकर. येसू म्हणाली, "मी हिला पांघरूण विणते." आणि साखळी घालायला बसली.

पहिलं पांघरूण तिने विणलं सपाट. टाक्याला टाका चिकटून, कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. हात फिरवला तर सरळ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जावा. विणून झालं तसं तिने ते बकुळाच्या अंगावर घातलं. थंडीबाईने पाटावरूनच हात लांबवला. हात सपाटीवरून सरकत गेला, सरकत गेला, कडेला पोचला, आणि खालून आत. "घसरायला छान आहे हो," थंडीबाई म्हणाली. बकुळा गार ती गारच.

येसूने ते पांघरूण उसवलं. क्रोशाचं हे एक बरं असतं. सगळं पांघरूण म्हणजे एकच धागा. शेवटचा टाका धरून ओढला की सुटलंच. गुंडा केला, पुन्हा बसली.

मग दुसरं पांघरूण तिने विणलं फुलांचं. फुलाला फूल जोडून, मध्ये नाजूक जाळी. शेजारणी बघायला आल्या. एक म्हणाली, "बाई, हे तर राणीला शोभेल!" खरंच शोभलं असतं. राणीकडे खाली घालायला शाली होत्या ना. थंडीबाईने एकेका भोकातून एकेक बोट आत घातलं. "शिरायला छान आहे हो," ती म्हणाली.

येसूने तेही उसवलं. आता मात्र तिला रडू आलं. संक्रांत जवळ आली होती. लोकांच्या घरी तीळ निवडायला काढले होते. ती बकुळाला घेऊन अंगणात उन्हाला बसली. ऊन होतं, पण नावाला. तिने बकुळाचा हात हातात घेतला. एवढासा हात, आणि त्याच्यावर सगळीकडे काटा आलेला. बारीक बारीक, उंच उंच.

येसू बघत राहिली. मग ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, थंडी वाजली की अंग काय करतं हो?"

"काय करणार? काटा येतो," सासू म्हणाली.

"मग सपाट पांघरुणाचा काय उपयोग? अंगच सपाट राहत नाही."

बघा हं, किती साधी गोष्ट. पण दोन पांघरुणं उसवल्याशिवाय ती तिला सुचली नाही.

मग तिसरं पांघरूण येसूने विणलं बोंडांचं. एका टाक्याच्या घरात सुई पुन्हा पुन्हा घालायची, तिथेच दाटीवाटीने खांब उभे करायचे, आणि मग सगळ्यांची डोकी एकत्र बांधून टाकायची. की मधलं फुगून वर येतं. कापसाच्या बोंडासारखं, आतून पोकळ. एक बोंड, मग दुसरं, मग तिसरं. ओळच्या ओळ बोंडं.

थंडीबाई समोरच बसलेली. त्यामुळे येसूची बोटं आखडून जात. सुई धरवेना. मग ती काय करायची? खांब उभे करायची, आणि डोकी बांधायच्या आधी तोंडाजवळ हात नेऊन बोटांवर वाफ सोडायची. हाऽऽ. की बोटं जरा मोकळी व्हायची आणि ती बोंड बांधायची. पुन्हा हाऽऽ, पुन्हा बोंड. ती वाफ जात कुठे होती, हे येसूला ठाऊक नव्हतं. तुम्हाला कळलं ना? मग गप्प राहा. येसूला सांगू नका.

बोंडं लोकर फार खातात, बरं का. सपाट विणलं तेव्हा पांघरूण ऐसपैस झालं होतं. बोंडांचं झालं एवढंसंच. बकुळाच्या हनुवटीपासून टाचेपर्यंत. लोकर संपली. सुईवर शेवटचा टाका राहिला आणि खाली वीतभर धागा लोंबत राहिला.

आता त्या गावात एक रीत होती. लेकराचं काही विणलं तर शेवटच्या टाक्याला गाठ मारायची नाही. टाका तसाच सुटा ठेवायचा. गाठ मारली म्हणजे झालं, पुरं झालं. आणि लेकराचं काही पुरं झालं असं म्हणायचं नसतं. लेकरू वाढतं, तसं त्याचं पांघरूणही वाढलं पाहिजे.

येसूने मात्र गाठ मारायला धागा धरला. सासू म्हणाली, "अगं, काय करतेस? पोरीचं पांघरूण आहे ते!"

"आत्याबाई, ही पाहुणी ओढील ना! एक टोक हाताला लागलं की सगळं उसवेल. मी कोणत्या डोळ्यांनी बघू?"

सासूही घाबरलेलीच होती. येसूने गाठीचा फास केला. आणि तेवढ्यात तिचं लक्ष बकुळाच्या पायांकडे गेलं. सकाळी टाचेपर्यंत पुरलेलं पांघरूण आता पुरत नव्हतं. दोन अंगठे बाहेर आले होते. गारठलेली, न हसणारी, निळ्या ओठांची ती पोरगी, तरी आपली वाढतच होती.

येसूच्या हातून गाठ मारवेना. तिने फास सोडून दिला. म्हणाली, "वाढ बाई. मी पुढे विणीन." आणि सुटा टाका बकुळाच्या पायाखाली सारून ठेवला.

मग संक्रांतीची सकाळ झाली. थंडीबाई पाटावरून उठली. लुगडं झटकलं. बकुळापाशी आली.

तिने हात सरकवून पाहिला. हात बोंडाला अडला. वरून गेला, पुढच्याला अडला. तिने बोट घालून पाहिलं. कुठे भोकच नाही, बोंडाला बोंड भिडलेलं. मग ती खाली बसली आणि कड चाचपायला लागली. चाचपत चाचपत पायांशी आली. आणि तिच्या हाताला लागला तो धागा.

"हे बरं ठेवलंस हो माझ्यासाठी," थंडीबाई म्हणाली. आणि ओढला.

सर्रर्रर्र.

येसूला वाटलं, संपलं. हे मी केलं. एवढीशी गाठ, एवढीशी गाठ मारली असती तर माझी लेक वाचली असती.

पण पहिलं बोंड सुटलं आणि त्यातून आलं, हाऽऽ.

थंडीबाईच्या नाकावर ऊन ऊन वाफ. नाकातून एक थेंब खाली पडला. "हे काय?" ती म्हणाली, आणि अजून ओढलं. दुसरं बोंड सुटलं. हाऽऽ. तिच्या केसांतून पाणी ठिबकायला लागलं. तिसरं सुटलं. हाऽऽ. लुगड्याचा काठ ओला झाला. तिने थांबायला हवं होतं. पण सुटलेला धागा हातात आला की माणूस ओढतच राहतं. ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे.

ती ओढत राहिली आणि बोंडं सुटत राहिली. हाऽऽ, हाऽऽ, हाऽऽ. येसूने बोटांवर सोडलेली वाफ घरात मोकळी झाली. चुलीतली राख धगधगली. दूध उतू गेलं. तिळाच्या डब्यात तीळ तडतडले. आणि बकुळाने पाय झाडला, डोळे उघडले, आणि ती खुदकन हसली. खालच्या दोन दातांना सोबतीला वरचा एक आलेला.

शेवटी थंडीबाई धागा टाकून उठून उभी राहिली. ती आता येसूच्या कमरेएवढीच उरली होती. "ते राहू दे," ती म्हणाली. "माझा नेम आहे. घरातली सगळ्यात गार वस्तू मी नेणार."

"न्या की," येसू म्हणाली.

थंडीबाईने बकुळाचे पाय धरले. गरम. सोडले. पाट्याला हात लावला. कोमट. हंड्याला हात लावला. कोमट. भिंतीला लावला, उंबऱ्याला लावला, येसूच्या सासूच्या गालाला लावला. सगळं कोमट. मग तिने आपल्याच दंडाला हात लावून पाहिला.

गार.

घरात सगळ्यात गार तीच होती. आणि नेम म्हणजे नेम. तिने स्वतःला आवरलं, उंबरा ओलांडला आणि ठिबकत ठिबकत डोंगराची वाट धरली.

येसू दारापर्यंत पोचवायला गेली. पाहुणी होती ना. आणि थंडीबाई पार दिसेनाशी झाल्यावर आत आली आणि लेकीला घट्ट धरून मनसोक्त रडली. मग डोळे पुसले, अर्धं उरलेलं पांघरूण मांडीवर घेतलं, सुटा टाका शोधला, त्यात सुई घातली आणि पुढे विणायला लागली.

मग नवरा घरी आला. त्याने तिळगूळ खाल्ला आणि म्हणाला, "यंदा घर फार उबदार लागतंय." राजाला ह्यातलं काहीच कळलं नाही. राजे असेच.

बकुळा मोठी झाली. पांघरूणही मोठं झालं. मग ते बकुळाच्या लेकीने पुढे विणलं, आणि तिच्या लेकीने. गाठ काही कुणी मारली नाही. असं विणता विणता ते कुठवर आलं असेल? आता अंगावर घेतलंय त्याच्यावर हात फिरवून बघा. लागतात ना बोंडं?

आणि कोण तो पायाशी टोकाचा धागा ओढतोय? सोड बरं. थंडीबाई ह्या घरात आलेली नाही. उगाच वाफ वाया घालवू नकोस.

तर राजा शालींत सुखात राहिला, येसू लेकीबरोबर सुखात राहिली, थंडीबाई डोंगरावर सुखात राहिली. आता तुम्ही डोळे मिटलेत की मीही सुखात. हाऽऽ. झोपा.