तेलातली काचकांडी

मिरजेच्या जुन्या बाजारात रत्नव्वा प्रयोगशाळांतली वापरलेली काच विकायची. एकदा प्राचार्य खांबेटे आले. तिची काचकांडी चिमटीत धरून म्हणाले, "ही तर बाटलीची काच! भंगाराच्या भावात दे. अस्सल काच अशी असते, कॉलेजसाठी मी स्वतः निवडलेली!" आणि खिशातून नवी कोरी कांडी काढली.

रत्नव्वाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं बरणीत सूर्यफुलाचं तेल ओतलं आणि दोन्ही कांड्या अर्ध्या बुडवल्या. तिची कांडी तेलात गेली तेवढी गायबच झाली! बघ्यांनी आ वासला. प्राचार्यांचे डोळे पांढरे झाले.

"आच सोसणारी अस्सल काच तेलात दिसत नाही, साहेब," रत्नव्वा म्हणाली. "तुमची मात्र लख्ख दिसतेय. कॉलेजातला सगळा माल आणा. भाव तुम्हीच ठरवलाय, भंगाराचा."