मुरलीधराला ऊन लागलं

शेंदूरघाटाला उन्हाळा जरा जास्तच. नदी आटली की वाळू तापते आणि तिच्यावरून येणारा वारा घराघरांत झळा घेऊन शिरतो. अशा या गावात ओले महाराज राहत. त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. थंडी असो वा ऊन, डोक्यावर भिजवलेला पंचा असायचा, म्हणून लोक ओले महाराज म्हणत आणि महाराजही त्या हाकेला ओ देत. भक्तांनो, त्यांच्या कृपेच्या गोष्टी किती सांगाव्यात! पण आज सांगायची आहे मथुराबाईंची, कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त कृपा झाली ती त्यांच्यावरच.

मथुराबाई म्हणजे देशमुखांच्या थोरल्या सूनबाई. मुरलीधराच्या देवळात त्यांचा शब्द चालायचा. प्रसादात गूळ किती घालायचा इथपासून पंगतीत कोणी कुठे बसायचं इथपर्यंत सगळं त्याच ठरवायच्या. मनाने वाईट नव्हत्या हो, पण मानाची भूक भारी! आणि एक गोष्ट त्यांना सलत होती. वैशाखात देवाला गारवा मिळावा म्हणून मुरलीधराच्या काळ्याभोर मूर्तीला चंदनाची उटी लावत. महाराजांनी रीत घालून दिली होती, की जो चंदन उगाळेल त्यानेच उटीचं पहिलं बोट देवाच्या डाव्या गालाला लावायचं. तासन्‌तास सहाणेपुढे बसायची तयारी कोणाची? हौसाची. घरोघरी दळणकांडण करणारी ही बाई, मागेपुढे कोणी नाही. वर्षभर लोकांचं दळायचं आणि त्या एका दिवशी देवाच्या गालाला बोट लावायचं, एवढंच तिचं सुख. मानकऱ्यांच्या सुना मागे आणि हौसा पुढे! मथुराबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या वर्षी उटीच्या आदल्या दिवशी देवळाच्या गच्चीवर भंडाऱ्याच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. "तू राखणीला बस, जेवणवेळेला मी दुसरी पाठवते," असं हौसाला सांगून मथुराबाई घरी गेल्या, जेवल्या, वाळ्याच्या पडद्याआड आडव्या झाल्या आणि विसरल्या. खरंच विसरल्या का, ते त्यांचं त्यांना माहीत.

हौसा बसून राहिली. जवळ छत्री होती, पण उघडली तर सावली कुरडयांवर पडणार आणि ओलसर राहिलेली कुरडई तळताना फुलत नाही. म्हणून बाईने छत्री उघडलीच नाही! दुपारी वावटळ उठली. धुळीचा लोट येताना दिसला तशी तिने डोक्यावर घेतलेलं पातळ जुनेर सोडलं आणि कुरडयांवर अंथरलं. विरळ कापडातून ऊन आत जातच होतं आणि पुन्हा धूळ आली तर, म्हणून ते तिथेच राहू दिलं. संध्याकाळी खाली उतरली तेव्हा तिचा डावा गाल, मान आणि दंड लालबुंद झाले होते.

"अगं बाई! हे काय तोंड झालंय, भाजलेलं वांगं बरं!" मथुराबाई म्हणाल्या. बाकीच्या बायका हसल्या.

"उन्हानं वाईच पोळलंय, बाई. बसंल उद्यापातुर."

"उद्या असलं तोंड घेऊन गाभाऱ्यात येणार? देवानेच तुझ्यावर खूण केलीय, तूच समजून घे. चंदन मी उगाळते, पहिलं बोटही मीच लावीन. तू घरीच राहा."

"बाई, माझं तेवढंच हाय वो," हौसा म्हणाली. पण मथुराबाई सहाण उचलून चालू लागल्या होत्या.

सकाळी देऊळ भरलं. मथुराबाई पैठणी नेसून, चांदीच्या वाटीत उटी घेऊन गाभाऱ्यात गेल्या आणि पहिलं बोट देवाच्या डाव्या गालाला लावलं. उटी बघता बघता सुकली आणि खपली होऊन खाली पडली. दुसरं बोट लावलं, तेही पडलं. घट्ट झाली असेल म्हणून गुलाबपाणी घातलं. छे! कपाळावर उटी धरत होती, उजव्या गालावर धरत होती, पण डावा गाल, मान आणि दंड काही केल्या धरेनात. त्यांनी गालाला तळहात लावून पाहिला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ज्या गाभाऱ्यात भर वैशाखात पाय गार पडतात, तिथे दगड तापला होता! बाहेर कुजबुज सुरू झाली. मथुराबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. डावा गाल, मान, दंड... हे त्यांनी कालच कुठेतरी पाहिलं होतं.

तेवढ्यात महाराज आले. "महाराज, उटी धरत नाही! देव तापलाय!" मथुराबाई म्हणाल्या.

महाराजांनी मूर्तीच्या गालावरून मायेने हात फिरवला. म्हणाले, "तापणारच. ऊन लागलंय त्याला. काल दिवसभर गच्चीवर बसला होता."

"देव? गच्चीवर?"

"एकटी बाई किती ऊन सोसणार गं? अर्धं त्याने घेतलं."

मथुराबाईंनी उटीची वाटी खाली ठेवली. "आता मी काय करू, महाराज?"

"उन्हाने पोळलेल्या माणसाला करतात तेच कर. पण इथे नको. हौसाच्या घरी जा."

आणि मथुराबाई निघाल्या, पायात काही नाही, पैठणीचा पदर धुळीत! मागून महाराज आणि सगळं गाव. हौसाच्या खोपटात शेजारीण तूप चोळायच्या बेतात होती.

"थांब, तूप नको," महाराज म्हणाले. "त्याने आग आत कोंडते. मथुरे, माठातलं पाणी घे. मऊ जुनं फडकं भिजव आणि नुसतं टेकव, चोळू नकोस. गरम झालं की पुन्हा भिजव."

मथुराबाई टेकवत राहिल्या. मग महाराजांनी परसातली कोरफड आणवली. तिचा पिवळा चीक निथळू दिला, पान धुतलं आणि आतला गार गर हलक्या हाताने लावायला सांगितला. वर तांब्याभर ताक पाजलं. "साल निघेल तेव्हा आपली आपण निघू दे, ओढायची नाही. आणि बरं होईपर्यंत उन्हात बसायचं नाही, देवासाठीसुद्धा नाही," असं त्यांनी हौसाला दटावलं.

"बाई, तुमी कशाला वो! हात खराब व्हतील," हौसा संकोचून म्हणाली.

मथुराबाईंना रडू आवरेना. "हौसा, काल मी दुसरी कोणी पाठवली नाही. विसरले नव्हते गं मी."

"ठाव हाय मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून ऊन माघारी जातंय व्हय?"

फडकं पुन्हा एकदा भिजवलं, आणि देवळाकडून गुरव ओरडत आला, "महाराज, मूर्ती गार पडली!"

सगळे देवळाकडे निघाले. हौसाच्या डोक्यावर छत्री धरून मथुराबाई चालत होत्या. गाभाऱ्यात त्यांनी उटीची वाटी हौसापुढे धरली, पण हौसा मागे सरली. "उगाळलंय तुमी. रीत हाय."

"रीत मीच घातली, आता मीच सांगतो," महाराज म्हणाले. "ज्याने ऊन सोसलं, त्यानेच गारवा द्यावा."

हौसाने बोट लावलं. उटी देवाच्या गालावर लोण्यासारखी बसली! देवळात एकच जयजयकार झाला.

मथुराबाई महाराजांच्या पायांशी वाकल्या, तसे महाराज बाजूला झाले. समोर हौसाचे धुळीने भरलेले पाय होते. मथुराबाईंनी क्षणभर पाहिलं आणि त्या पायांवर डोकं ठेवलं. महाराजांनी आपल्या डोक्यावरचा ओला पंचा काढला आणि मथुराबाईंच्या डोक्यावर ठेवला.

"तुलाही काही कमी ऊन लागलं नव्हतं, पोरी," ते म्हणाले.