खंडाने दिलेले ऊन

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हते, आणि त्यावाचून गोष्टीचे काही अडले नाही.

दोन उंच डोंगरांच्या मधल्या घळीत एक गाव होते. तिथे सूर्य उशिरा यायचा आणि लवकर जायचा. सकाळ चांगली वर आली तरी गल्ल्यांत गारठा असे, आणि दुपार कलते न कलते तोच डोंगराची सावली घरांवर चढू लागे. त्यामुळे सोयरीक जुळवताना त्या गावात गाई किती, जमीन किती, असे कुणी विचारत नसे. "धाब्यावर ऊन किती वेळ असतं?" हे आधी विचारत. धाबे म्हणजे घराचे मातीचे सपाट छप्पर. प्रत्येक धाब्याला बाहेरून दगडी जिना होता, आणि जिन्याला दार कुठेच नव्हते.

सगळ्यात जास्त ऊन पडे ते घोंगड्या विणणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या धाब्यावर. त्याचे घर गावात सर्वांत उंचावर होते. सूर्य डोंगराआडून डोकावला की पहिला पाय तिथे ठेवायचा, आणि जाताना शेवटचा तिथूनच उचलायचा. मग काय, सकाळ झाली की अर्धे गाव म्हाताऱ्याच्या डोक्यावर. बायका पापड, कुरडया, सांडगे वाळत घालायच्या, डाळी निवडायच्या, बाळंतिणी आपापली बाळे शेकायला आणायच्या, म्हातारे नुसते गुडघे पुढे करून बसायचे. परवानगी कुणी विचारत नसे. म्हातारा एका कोपऱ्यात लोकर कातत बसलेला असे आणि कुरकुरत असे, "माझ्याच घरावर मला टेकायला जागा नाही." हे म्हणता म्हणता तो येणाऱ्यासाठी आणखी थोडा सरकलेला असायचा.

त्या गावाची एक रीत होती. ज्या घरात कुणी मरण पावे, त्या घराचा धनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकायचा. फांदी असेपर्यंत त्या घराला कुणी हाक मारायची नाही, की वर चढायचे नाही. शेजाऱ्यांनी उंबऱ्यावर भाकरी झाकून ठेवायची आणि न बोलता निघून जायचे. दुःखातल्या माणसाला त्याच्या वेळेवर सोडावे, असा त्यामागचा भाव. ती फांदी काढायचीही धन्यानेच.

म्हाताऱ्याची बायको वारली तेव्हा ती फांदी तेरा दिवस पडून होती. चौदाव्या दिवशी त्याने ती काढली, आणि दुपार व्हायच्या आत धाबे भरून गेले. शेजारची कासारीण पापडाचा पोळपाट घेऊन आली, त्याच्याशेजारी बसकण मारली आणि म्हणाली, "भावजी, जरा सरका." सांत्वनाचा एक शब्द तिने काढला नाही. पण म्हातारा त्या दिवसापासून पुन्हा जेवू लागला.

एवढी माणसे डोक्यावर असूनही त्याला एक दुःख होतेच. त्याची एकुलती एक लेक तीन दिवसांच्या वाटेवर दिली होती. आई गेल्यावर ती दोनदा माहेरी आली, पण दोन्ही वेळा ठरल्याआधी परत निघाली. जाताना म्हणाली, "आबा, दिवसभर बरं वाटतं. पण संध्याकाळ झाली की इथं बसवत नाही हो."

म्हाताऱ्याने यावर फार विचार केला. संध्याकाळी घरात एक मिणमिणता दिवा आणि बाकी सगळा काळोख. तरण्या मुलीला कसे बसवेल? घर उजळले तर लेक राहील, असे त्याने मनाशी पक्के केले. लेकीला नीट विचारले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बाप मंडळी लेकींना विचारत नाहीत, मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळी होतात.

आणि नेमका त्याच सुमारास डोंगरापलीकडच्या नगरातून एक सौदागर आला. त्याच्या बैलगाडीत काळ्याभोर काचेची मोठाली ताटे होती. ही ताटे दिवसभर ऊन पीत आणि अंधार पडला की घरात टांगलेल्या काचेच्या हंड्यांमधून त्याचा उजेड देत. तेल नको, वात नको. सौदागराने सारे गाव पाहिले आणि थेट म्हाताऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताटं मी विकत नाही, मालक," तो म्हणाला. "तुमचं धाबं आम्ही खंडाने घेतो, शेत घेतात तसं. पंचवीस पावसाळे. ताटं आमची, धाबं तुमचं. निम्मा उजेड तुमच्या घरात, निम्मा तारेवरून आमच्या नगरात. फक्त ताटांवर सावली पडता कामा नये. म्हणून तुमच्याखेरीज कुणी वर यायचं नाही, जिना बंद ठेवायचा. आणि रोज सकाळी धूळ पुसायची ती तुमच्या हातानं. एखादा दिवस चुकला तर चालेल, लागोपाठ दोन चुकले तर ताटं आंधळी होतात."

गोष्टींतले सौदागर बहुधा लबाड असतात, म्हणून मुद्दाम सांगतो, हा लबाड नव्हता. त्याने अटी दोनदा वाचून दाखवल्या. अंगठा घेण्याआधी थांबून विचारलेसुद्धा, "या धाब्यावर आणखी कुणाचा हक्क आहे का? असेल तर त्यांनाही विचारावं लागेल."

म्हाताऱ्याला जरा रागच आला. "माझ्या आज्यानं चोपलेलं धाबं आहे हे. दुसऱ्या कुणाचा काय संबंध?"

त्याने अंगठा उमटवला.

चार दिवसांत धाबे काळ्या ताटांनी भरून गेले. आता जिना बंद करायचा होता. गावातल्या सुताराने जन्मात कधी जिन्याचे दार केले नव्हते, आणि जिना बंद करायची एकच तऱ्हा म्हाताऱ्याला माहीत होती. त्याने बाभळीची फांदी तोडून आणली आणि पहिल्या पायरीवर आडवी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका सुपे घेऊन आल्या आणि जिन्याच्या तळाशी थबकल्या. घरात कुणी गेले नाही हे त्यांना दिसत होते. वर ताटे चमकत होती तीही दिसत होती. कासारणीने एकदा फांदीकडे पाहिले, एकदा म्हाताऱ्याकडे.

"असं होय भावजी," ती म्हणाली. "बरं." आणि सूप तसेच डोक्यावर घेऊन ती मागे फिरली.

भांडण झाले असते तर बरे झाले असते. भांडणात निदान माणसे समोर उभी असतात. इथे कुणी शब्दाने बोलले नाही. पिढ्यानपिढ्या त्या काट्यांपाशी वळायची सवय लागलेले पाय आपोआप वळले, एवढेच. हाक न मारायची सवय होती, तीही आपोआप पाळली गेली.

संध्याकाळी हंड्या पेटल्या आणि घर लख्ख उजळले. म्हातारा लहान मुलासारखा या खोलीतून त्या खोलीत हिंडला. घोंगडीची एकेक गाठ दिसत होती, आढ्यावरचे कोळिष्टकदेखील दिसत होते. एका वाटसरूबरोबर त्याने लेकीला निरोप धाडला, "घर उजळलं आहे. आता ये."

आठ दिवस तो खुशीत होता. मग हळूहळू त्याला ऐकू येऊ लागले की घरात काहीच ऐकू येत नाही. पूर्वी डोक्यावर दिवसभर पावलांची धपधप असे, कुणाचे तरी पोर रडे, कुणाचा तरी पोळपाट वाजे. आता लोकरीचा धागा तुटला तर तेवढा आवाज व्हायचा.

"जळतात माझ्या उजेडावर," तो स्वतःशी म्हणाला. हे म्हणून त्याला चार-सहा महिने काढता आले.

एकदा एक कावळा धाब्यावर उतरायला आला, काचेवरून घसरला आणि धडपडत वळचणीला जाऊन बसला.

"काय रे," म्हातारा म्हणाला, "तू तरी ओरड की. पाहुणा येईल."

"कुठे बसून ओरडू?" कावळ्याने विचारले. "पाय ठरेल एवढी जागा ठेवलीस का तू? आणि पाहुणा आलाच, तर दारातल्या काट्यांकडे पाहून तो काय समजेल?" एवढे बोलून तो उडून गेला. म्हाताऱ्याला वाटले, कावळाही जळतो.

मग एक दिवस उंबऱ्यावर फडक्यात झाकलेली भाकरी दिसली. रीतीप्रमाणे कुणीतरी न बोलता ठेवून गेले होते. म्हाताऱ्याने ती घरात आणली, घास तोडला आणि तो तसाच हातात धरून बसला. कुणी गेले नाही हे ठाऊक असूनही आपल्या घरात सुतक चालू आहे असे गाव धरून चालले आहे, आणि ते प्रेमाने धरून चालले आहे, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळले. त्याला फार एकटे वाटले.

तो उठला आणि घरोघर जाऊन आला. "संध्याकाळी बसायला या. उजेड आहे." माणसे चांगली होती, आली. धुतलेले कपडे घालून आली. भिंतीला टेकून ओळीने बसली, हंड्यांचे कौतुक केले, पाणी प्याली. नंतर कुणालाच काही सुचेना. त्याच्या घरी नुसते बसायला आजवर कुणी आले नव्हते. ती यायची आपापले काम घेऊन, आणि काम करता करता बोलणे निघायचे. रिकाम्या हातांनी त्यांना बोलता येईना. "येतो मग, तात्या," असे म्हणत एकेक जण उठला. पुन्हा कुणी आले नाही.

लेक आली ती तिसऱ्या वर्षी. निरोप मिळाला तेव्हा तिला दिवस गेले होते, नंतर बाळ तान्हे होते, वाट लांबची. आता पोर चालू लागल्यावर ती निघाली. गावाच्या वळणावरून तिला माहेरचा जिना दिसला आणि पायरीवरची बाभळीची फांदी दिसली. तिच्या हातातले गाठोडे खाली पडले. पोरीला कडेवर घेऊन ती धावत सुटली.

दारात म्हातारा बसला होता. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिले. मग दम खात विचारले, "आबा, कोण गेलं?"

"कोणी नाही गं," म्हातारा म्हणणार होता. तोंड उघडलेही. पण त्याने आधी गल्लीकडे पाहिले, धाब्याकडे पाहिले.

"सगळीच गेली," तो म्हणाला.

संध्याकाळी हंड्या पेटल्या. नात टाळ्या पिटत नाचली. लेक मात्र त्या लख्ख घरात आढ्याकडे कान लावून बसली होती.

"आता राहशील ना?" म्हाताऱ्याने विचारले. "आता अंधार नाही."

"आबा, अंधाराला मी कधी भ्यायले?" ती म्हणाली. "दिवसभर वर एवढी माणसं असायची, आणि संध्याकाळी सगळी उतरली की तुम्ही एकटे. ते मला बघवत नव्हतं. आता तर दिवसाही कुणी नाही."

नाचून दमलेल्या नातीच्या अंगावर म्हाताऱ्याने घोंगडी घातली.

चौथ्या दिवशी लेक निघाली. "तुम्ही माझ्याकडे चला," ती म्हणाली. "तुमच्या जावयांनीच सांगून पाठवलंय. एक खोली मोकळी आहे. पोरीला आजोबा हवेत." नात त्याचे बोट धरून ओढू लागली.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने घोंगडी झटकली, घडी घातली, कातायची चाती आणि लोकर गाठोड्यात बांधली. गाठ मारता मारता त्याचे हात थांबले.

"मला येता यायचं नाही," तो म्हणाला. "रोज सकाळी ताटं पुसायची असतात. माझ्याच हातानं. दोन दिवस चुकले तर ती आंधळी होतात. शब्द दिलाय मी, अंगठा उमटवलाय."

"किती वर्षं?"

"आणखी बावीस."

लेकीने बापाच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिले आणि पदर डोळ्यांना लावला. मग तिने वाकून नमस्कार केला, पोरीला उचलले आणि ती वळणाआड गेली.

इथे सौदागर परत आला आणि त्याने करार फाडून टाकला, असे सांगायला मला काय जाते? पण तो आला नाही. त्याचे काही चुकलेच नव्हते. म्हाताऱ्याने फांदी काढून टाकली, जिन्याला नुसती दोरी बांधली. पण वर पापड घालायला जागा कुठे होती? बायकांनी खालच्या अंगाला दुसरे एक धाबे धरले होते. तिथे ऊन थोडे आणि घाईचे. ते सरके तशा त्या आपली सुपे घेऊन सरकत. तिथे जाऊन बसावे असे म्हाताऱ्याला कितीदा वाटले. पण ज्यांना विचारले नाही, त्यांच्याकडे जागा कशी मागायची, हे त्याला उमगेना.

रोज सकाळी तो ओले फडके घेऊन एकटा वर जाई. गावातले सगळ्यात मोठे, सगळ्यात पहिले ऊन त्याच्या धाब्यावर पडलेले असे. खालून हसण्याचा आवाज आला की तो क्षणभर थांबून ऐके. तेवढ्यात आपली सावली ताटावर पडली आहे हे त्याच्या लक्षात येई, आणि तो बाजूला होई.

बोध: जे आपल्या नावावर असते ते सगळे आपल्या एकट्याचे नसते, म्हणून ते कुणाला देण्याआधी तिथे रोज कोण येऊन बसते ते पाहावे.