रिकामा दारूखाना आणि विड्यांचं ताट

"चोर! माझ्या दारूखान्यात चोर शिरलाय!" भानुजीराजे गरजले, आणि करंजगडाचा सगळा दरबार जागच्या जागी ताठ झाला.

गोष्टच तशी होती. गडावरच्या दारूखान्यात बंदुकीची दारू आणि शिशाच्या गोळ्या ठेवलेल्या असत. तो पार रिकामा झाला होता. रांजण उपडे केले तरी चिमूटभर काळी भुकटी निघेना! रानडुकरं पिकात घुसली की गावकरी इथूनच शिंगभर दारू नेत. वर्षानुवर्षं ती पुरत आली होती, उरतही आली होती. आणि आता, ऐन सुगीच्या तोंडावर, डुकरं जोंधळ्यात खुशाल लोळत होती.

दारूखान्याचा राखणदार हैबती हात जोडून उभा होता.

"महाराज, पेंढारी येणार अशी आवई उठली. जो तो दारू मागायला आला. मी कुणाकुणाला नाही म्हणू?"

"पेंढारी आले का?"

"नाही, महाराज."

"एक तरी बार उडाला का?"

"नाही, महाराज."

"बार उडाला नाही, मग दारू गेली कुठे? तूच चोरून विकलीस! उद्याच्या दरबारात चोर माझ्यापुढे उभा कर, नाहीतर तुझा कडेलोट!"

"आणि रांजण, महाराज?" दिवाण त्र्यंबकपंतांनी हळूच आठवण करून दिली.

"हो, हो! रांजणही भरले पाहिजेत."

"महाराज, दारू कुटायची, ओली करायची, उन्हात वाळवायची... घाई केली तर गडच उडेल!" हैबती कळवळून म्हणाला.

"ते मला सांगू नकोस!"

हैबती घरी आला. पुढ्यातल्या भाकरीला त्यानं हात लावला नाही. त्याची मुलगी भिवरा समोर येऊन बसली.

"बाबा, सगळ्यात आधी दारू कुणी नेली?"

हैबतीनं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "राजवाड्यानं. आवई आली त्याच दिवशी गाड्या भरभरून नेल्या. त्या चढावर जाताना अख्ख्या गावानं पाहिल्या."

"मग गाव म्हणालं असेल, राजाच घाबरला, तर आपण काय हातावर हात ठेवून बसायचं?"

"हे दरबारात बोललीस तर कड्यावरून दोघंही जाऊ, पोरी!"

"मी कशाला बोलू? महाराज स्वतःच बोलतील."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. हैबतीच्या पुढे भिवरा उभी!

"चोर आणलास?" राजांनी विचारलं.

"आणलाय, महाराज," भिवराच म्हणाली. "पण आधी विडे तर फिरू द्या. माझ्यामुळे दरबाराची रीत मोडायला नको."

रीत अशी होती, की दरबार सुरू होताना विड्यांचं ताट फिरायचं. आधी राजांनी एक विडा घ्यायचा, मग मानाप्रमाणे प्रत्येकानं एकेक. शेवटी उरलेले विडे पहारेकऱ्यांचे.

गोंदा तबकदारानं ताट उचललं. भिवरा त्याच्या कानाशी लागली. पण तिची कुजबूज अशी, की शेवटच्या ओळीलाही ऐकू जावी!

"गोंदाकाका, आज पुरतील ना हो?"

"आँ? पुरतील की. रोज तर..." गोंदा बोलता बोलता थांबला आणि त्यानं काळजीनं ताटात डोकावून पाहिलं.

झालं! तेवढं डोकावणं पुरलं!

राजांनी एक विडा तोंडात टाकला. मग इकडेतिकडे बघत दुसरा मुठीत दडवला. पंतांनी ते पाहिलं आणि तीन उचलले. "घरी मंडळींना आवडतो," ते उगाच पुटपुटले. निंबाजी सरदारानं तर घरच्या मंडळींचं नावही न घेता मूठभर विडे पगडीत कोंबले! ताट अर्ध्या दरबारात पोचायच्या आत त्याचा तळ दिसू लागला.

"अहो, आम्हाला विडा?" मागून ओरडा झाला. "आम्ही काय दरबारी नाही?" कुणीतरी कुणाला ढकललं. पहारेकरी भाले भिंतीला टेकवून बघायला आले.

"गोंदा! विडे कमी लावलेस?"

"देवाशपथ, महाराज! रोजच्याइतकेच आहेत!"

"मग गेले कुठे? चोर..." राजे थांबले. त्यांचा एक गाल विड्यानं फुगला होता, आणि मूठ घट्ट मिटलेली होती.

"महाराज, जरा मूठ उघडता का?" भिवरा म्हणाली.

राजांनी मूठ उघडली. चुरगळलेला विडा सगळ्यांना दिसला.

"तू मला चोर म्हणतेस?"

"छे, महाराज! एक विडा जास्त घेतला म्हणून कुणी चोर होतं का? पण मागच्या ओळीला काय त्याचं? चोर असो नाहीतर साव, ताट रिकामंच!"

पंत खोकले. राजांनी घसा साफ केला.

"म्हणजे... माझ्या तळघरात आहे ती दारू... मी आपलं म्हटलं, असू द्यावी हाताशी."

"गावानंही तेच म्हटलं, महाराज! दारू कुठेच गेली नाही. पेंढाऱ्यांसाठी राखायची म्हणून डुकरांवरही कुणी उडवत नाही. घरोघरी माळ्यावर पडलीय, चुलीच्या बरोब्बर वर! एक ठिणगी उडाली, की पेंढाऱ्यांना यायची तसदीच नको!"

"मग रांजण भरायचे कसे?"

"तुमच्या हातातला विडा ताटात ठेवा."

राजांनी विडा ठेवला. पंतांनी ते पाहिलं आणि आपले दोन ठेवले. निंबाजीनं पगडी काढून झटकली, तर विड्यांचा पाऊस! ताट पुन्हा निघालं, शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, पहारेकऱ्यांनाही मिळालं आणि वर थोडे उरले!

राजे हसू लागले. इतके हसले, की लाल रस दाढीवर ओघळला.

"उद्या भर दुपारी माझ्या गाड्या खाली जातील! वाजतगाजत! सगळ्या गावाला दिसू दे!"

"आणि दारूखान्याचं दार दिवसभर उघडं ठेवा, महाराज. भरलेला रांजण डोळ्यांना दिसला, की कुणी धावत सुटत नाही."

"हैबती, तुझा कडेलोट रद्द!" राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं. "आणखी काय हवं, माग!"

"बाबांना तुमच्या हातचा मानाचा विडा."

राजांनी ताटात हात घातला आणि सवयीनं दोन उचलले. भिवरानं नुसतं पाहिलं. राजांनी निमूटपणे एक परत ठेवला.

"पुरेल ना गं?"

"सगळ्यांना पुरेल, महाराज!"

आणि राजे पुन्हा पोट धरून हसले.