नखाएवढा नेचा

हत्यारांना आणि पानांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. देवळाच्या दारावर कोरायला सखोबा सुताराने विहिरीच्या कपारीतल्या नेच्याचं पान आणलं. काटकोन तपासणाऱ्या दोन हातांच्या गुण्याचं डोकंच फिरलं. “एक रेघ सरळ नाही, आणि म्हणे दारावर बसणार!” सखोबा जेवायला गेला, तसे गुण्याने करवतीकडून पानाचे तुकडे करवले.

नेचा कळवळला, पण नमला नाही. “अजून बारीक कर,” म्हणाला.

सखोबा परतला. नखाएवढा तुकडा त्याने उचलून पाहिला, तर त्यातही तसंच अख्खं पान, फक्त इवलंसं! तो हसला आणि त्यावरूनच दारावर नक्षी आखू लागला.

त्याच्या तळहातावरून नेचा गुण्याला म्हणाला, “मला कितीही तोड, मी अख्खाच. तुझा एक हात मोडला, तर तुला गुण्या कोण म्हणेल रे?”