मोकळ्या लोळ्याची खिंड

घाट चढून वर आलात की डाव्या हाताला एक काळा कट्टा दिसतो. त्यावर जाडं मीठ पडलेलं असतं. पावसात विरघळून जातं, पुन्हा कुणीतरी आणून टाकतं. नवा माणूस हमखास विचारतो, इथं देव कुठला? देव नाही. ही मोकळ्या लोळ्याची खिंड. लोळा म्हणजे घंटेच्या आत लोंबतो तो; तो हलला तरच घंटा बोलते.

बैलांच्या पाठीवरून मीठ देशावर जायचं, त्या काळी हेमला नाईकाचा लमाण तांडा या वाटेनं यायचा, असं सांगतात. हेमला बोलायला मोठा गोड. अनोळखी वाटसरूलाही बसवून घेऊन भाकरी खायला घालील. पण जकातीचं नाव काढलं की दहा सबबी सांगायचा. असा व्यापारी कोणत्या पेठेत नाही?

त्या वर्षी हस्ताचा पाऊस उघडेना. घाटात हातभर पुढचं दिसत नव्हतं. हेमलाला वाटलं, देवच पावला. जकातीच्या चौकीच्या मागून आडवाट होती. त्यानं हुकूम सोडला, "घंटांत गवत कोंबा. एकही वाजता कामा नये."

त्याची बायको सोमली म्हणाली, "नाईक, घंटा ही बैलाची जीभ. मुकं जनावर आणखी मुकं करता?"

"तुझी जीभ आहे की दोघांपुरती!" हेमला हसला, आणि आघाडीच्या पाखऱ्याच्या घंटेत त्यानं स्वतःच्या हातानं बोळा दाबला. हा पाखऱ्या त्यानं वासरू असल्यापासून वाढवलेला.

तांडा खिंडीत शिरला आणि डोंगर सुटला. आधी चिखल, मग झाडं, मग दगड. माणसं मागं होती, ती वाचली. बैल गेले ढिगाऱ्याखाली.

वरच्या वाडीतले धनगर पहारी घेऊन धावले. त्यांचा म्हातारा मायाप्पा ओरडला, "गप ऱ्हावा समदी! घंटा ऐका, वाजंल तितं खणा."

सगळे गप्प झाले. पाऊस तेवढा वाजत होता.

"नाईक, बैलांच्या गळ्यात घंटा न्हाईत व्हय?"

हेमला म्हणाला, "आहेत. मीच बोळे कोंबलेत."

मायाप्पानं पहार उचलली. मग अंदाजानं खणणं सुरू झालं. जो बैल हाताला लागे तो ऊनऊन असे, पण श्वास नसे. हेमला प्रत्येकाच्या घंटेतलं गवत काढी आणि पुढं सरके. बोटांची नखं गेली तरी त्याला कळलं नाही.

उजेड कलता कलता एका दगडाखालून ठण्ण झालं. पुन्हा एकदा. पाण्याच्या धारेनं पाखऱ्याचा बोळा वाहून गेला होता, म्हणे. त्या आवाजावर खणलं तर दगडाच्या वळचणीला पाखऱ्यासह काही बैल जिवंत सापडले. कातडी सोललेले, खुरं फुटलेले. पाखऱ्याचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते.

वाचलेल्या गोण्या हेमलानं फाडल्या. जकात चुकवून आणलेलं ते मीठ. त्याच मिठाच्या पाण्यानं सोमलीनं जखमा धुतल्या, मिठाच्याच पुरचुंड्या तापवून सुजलेले सांधे शेकले. धनगरांनी बांबूच्या कामट्या बांधल्या. बैल हळूहळू उभे राहिले. पाखऱ्या उठला नाही. हेमलाच्या मांडीवर मान टाकून तो गेला. जाताना मान हलली, तेवढी घंटा वाजली.

तांडा पुढं गेला. पाखऱ्याला पुरलं तिथं हा कट्टा बांधून हेमला आणि सोमली इथंच राहिली. लंगडी, जखमी जनावरं लोक त्यांच्याकडं सोडून जात. खिंडीत येणाऱ्या प्रत्येक बैलाच्या घंटेत हेमला बोट घालून बघे आणि मगच वाट देई.

आजही गुरं घेऊन येणारा इथं थांबतो, मग ती टेंपोत का असेनात. कट्ट्यावर मूठभर मीठ टाकतो. वाडीतले धनगर ते दुखावल्या जनावरांना लावतात. मागचा विचारतो, "लोळा मोकळा?" पुढचा घंटा हलवून सांगतो, "मोकळा!" आणि मग कितीही घाई असली तरी सगळे क्षणभर गप्प उभे राहतात. खालून कुणी उत्तर देतंय का, ते ऐकायला.